खासगीपणा कोणाचा?

संग्रहालयाच्या भिंतीवर काय टांगावे आणि काय टांगू नये, याचे नियम कोठेही लिहून ठेवलेले नसतात. कोणी ते मोडू लागला म्हणजेच ते कळून येतात. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात १९७१ साली हेच घडले. हान्स हाके या जर्मन कलावंताचे प्रदर्शन एप्रिलअखेर उघडावयाचे होते. संचालक थॉमस मेसर यांनी ते काही आठवडे आधी रद्द केले. आणि हाके यांची बाजू उचलून धरणारे प्रदर्शन-संयोजक एडवर्ड फ्राय यांना नोकरीतून दूर करण्यात आले. शंभराहून अधिक कलावंतांनी या संग्रहालयात आपली कला न मांडण्याची प्रतिज्ञा करून या कृत्याचा निषेध केला.

असे काय होते त्या प्रदर्शनात? ना अश्लील चित्र, ना भडक घोषणा. वादग्रस्त कृती होती ती इमारतींच्या दर्शनी बाजूंच्या आणि मोकळ्या भूखंडांच्या १४२ साध्या कृष्णधवल छायाचित्रांची. प्रत्येक छायाचित्राखाली टंकलिखित पत्रक : पत्ता, जागेचे मोजमाप, मालक म्हणून नोंद असलेली कंपनी, त्या कंपनीचे पदाधिकारी, गहाणखत, करासाठी ठरविलेली किंमत. जोडीला दोन नकाशे आणि सहा तक्ते. कृतीच्या शीर्षकात ‘शापोल्स्की आणि इतर’ असा मालकांचा स्पष्ट नामनिर्देश आणि १ मे १९७१ ही तारीख. (ही तारीख कामगारांच्या परिचयाची आहे.) इमारती बहुतांशी हार्लेम आणि लोअर ईस्ट साइड या गरिबांच्या वस्त्यांतल्या. एकच मालक-गट नाना नावांच्या कंपन्यांच्या आड राहून या घरांची आपसांत खरेदी-विक्री आणि गहाणवट कशी करतो, ते तक्ते पाहून कोणासही उमगावे. हाके यांनी स्वतःचे एक अक्षरही टीकेदाखल जोडले नव्हते. सारी माहिती सरकारी दप्तरातून, कोणाही नागरिकास खुल्या असलेल्या नोंदींतून उतरवून घेतलेली होती.

मेसर यांचा युक्तिवाद ध्यानात घेण्याजोगा आहे. सामाजिक प्रश्नांवर कलेने जरूर भाष्य करावे, परंतु ते प्रतीकांतून, सर्वसाधारण स्वरूपात. विशिष्ट व्यक्तीकडे बोट दाखवून नव्हे, असा त्याचा आशय होता. दुःख दाखवा, दुःख देणाऱ्याचा पत्ता देऊ नका! याच शहरात दोनच वर्षांपूर्वी, १९६९ साली, मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘हार्लेम ऑन माय माइंड’ या प्रदर्शनात हार्लेमच्या रहिवाशांची छायाचित्रे भिंतभर मोठी करून लावली होती. हार्लेमच्या कृष्णवर्णीय चित्रकारांच्या चित्रांना मात्र तेथे जागा मिळाली नाही, म्हणून दारावर निदर्शने झाली. भिंतीवर आलेल्या त्या चेहऱ्यांच्या खासगीपणाची काळजी कोणा विश्वस्ताला लागल्याचे ऐकिवात नाही. भाडेकरूचा चेहरा सार्वजनिक आणि घरमालकाचे खरेदीखत खासगी, असा हा न्याय आहे. मग ते खरेदीखत सरकारी कचेरीत उघडे पडलेले का असेना!

त्यानंतरच्या अर्धशतकात ‘पाळत’ हा कलादालनांचा आवडता विषय झाला. कॅमेरे, पडदे, ध्वनिफिती, गुप्त कागदपत्रे यांच्या मिश्रणातून असंख्य कृती घडल्या. त्यांतील पुष्कळशा केवळ चमत्कृती म्हणाव्या अशाच आहेत. लॉरा पॉइट्रस यांचे ‘अ‍ॅस्ट्रो नॉइज’ हे २०१६ सालचे प्रदर्शन या गर्दीतले नव्हे. न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयातील एका अंधाऱ्या दालनात प्रेक्षकांनी मंचावर उताणे पडून येमेन, सोमालिया, पाकिस्तान या, अमेरिकी ड्रोनच्या छायेतील देशांचे रात्रीचे आकाश पाहावयाचे. पुढच्या दालनात गेल्यावर उलगडा होई, की आपण निजलेलो असताना उष्णता टिपणारा कॅमेरा आपल्याला न्याहाळत होता. पॉइट्रस यांना स्वतःला अमेरिकी विमानतळांवर वारंवार अडवून चौकशीला सामोरे जावे लागले होते, आणि त्या पाळतीची कागदपत्रे त्यांना सरकारवर दावा लावून मिळवावी लागली होती. हा अनुभव त्या कृतीमागे आहे, म्हणून ती खरी वाटते.

तथापि येथे दचकतो तो कोण? तिकीट काढून आलेला, आपल्यावर कोणाची नजर नसते असे आजवर मानत आलेला सुस्थित प्रेक्षक. ज्याला रोज हजेरी द्यावी लागते त्याला यात नवल ते काय? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळे चढविली. मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे घेऊन हजेरी लावण्याची पद्धत १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची करण्यात आली. त्यांच्यावरची नजर लपलेली नाही.

नजर उलट दिशेला वळली की काय होते, हे पुढे व्हिटनीतच दिसले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरितांवर, मुलाबाळांसकट, अश्रुधूर सोडण्यात आला. नळकांड्यांवर ‘सफारीलँड’ हे नाव होते, आणि त्या कंपनीचे मालक वॉरन कँडर्स हे व्हिटनीच्या विश्वस्त मंडळाचे उपाध्यक्ष होते. २०१९ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ या गटाने पॉइट्रस यांच्या चित्रपट संस्थेच्या साहाय्याने ‘ट्रिपल-चेसर’ हा छोटा चित्रपट मांडला. त्यासाठी त्यांनी संगणकाला छायाचित्रांतून त्या कंपनीची नळकांडी ओळखावयास शिकविले होते. गर्दीतले चेहरे ओळखण्यासाठी वापरले जाते त्याच जातीचे हे तंत्र. फक्त या वेळी ते मालकाच्या मालाचा माग काढीत होते. जुलैमध्ये आठ कलावंतांनी आपल्या कृती काढून घेण्याची मागणी केली, आणि २५ जुलै रोजी कँडर्स यांनी राजीनामा दिला.

हाके यांची ती बहिष्कृत कृतीही आज व्हिटनीच्या संग्रहात आहे. २००७ साली बार्सिलोनाच्या एका संग्रहालय प्रतिष्ठानाबरोबर ती खरेदी करण्यात आली. छत्तीस वर्षांनी घेतलेल्या या खरेदीसाठी धैर्य लागले असेल असे नाही. नावे जुनी झाली की नियम सैल होतात. कँडर्स यांचे नाव उच्चारले गेले तेव्हा ते खुर्चीवर बसलेले होते.

आणि ते नाव सर्वप्रथम कलाकृतीने संग्रहालयात आणले असेही नव्हे. चित्रपटाच्या आधीच, २०१८ साली, व्हिटनीच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांनी सही करून व्यवस्थापनास पत्र दिले होते. भिंतीवरच्या पट्टीत कलावंताचे नाव असते, देणगीदाराचे असते. चित्र टांगणाऱ्याचे कधी नसते. या कर्मचाऱ्यांनी २०२१ साली आपली युनियन बांधली, आणि २०२३ साली व्यवस्थापनाशी पहिला करार केला.