पट सपाट असला म्हणून काय बिघडले?

गेल्या सत्रात जिमखान्यात एक वाद रंगला होता. बुद्धिबळाच्या सरावासाठी संगणक घ्यायचा, तर तो भारी ग्राफिक्स कार्डाचाच घ्यावा, असे काही मित्रांचे म्हणणे. पडद्यावर शिसवी पट दिसावा, सोंगट्यांच्या सावल्या पडाव्यात, पट हवा तसा फिरवून पाहता यावा! मी पडलो वाणिज्य शाखेचा. मला आधी खर्चाची बाजू दिसते. परंतु प्रश्न केवळ पैशाचा नाही.

पट दाखवणे आणि चाल शोधणे ही मुळात दोन वेगळी कामे आहेत. 'स्टॉकफिश' हा आजच्या सर्वांत बलाढ्य प्रोग्रॅमांपैकी एक, आणि तोही फुकट मिळणारा. त्याला स्वतःचा चित्रमय पट नाही. 'ई२ई४' अशी अक्षरे तो लिहून देतो. सोंगटी हलवून दाखवणारा प्रोग्रॅम निराळाच असतो. या दोघांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा 'यूसीआय' नावाचा संकेत 2000 साली ठरला. स्टॉकफिशची आकडेमोड संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालते. महागडे कार्ड बसवल्याने त्याचे बळ तसूभरही वाढत नाही. याला अपवाद 2018 साली सुरू झालेल्या 'लीला'सारख्या प्रोग्रॅमांचा. त्यांचा विचार ग्राफिक्स कार्डावरच चालतो. मग सजवलेल्या पटाचे ओझेही त्याच कार्डावर टाकायचे, म्हणजे बैलाला नांगराला जुंपून वर बेंदराची झूल पांघरण्यातला प्रकार.

सजावटीची ही हौस जुनी आहे. 1988 सालच्या 'बॅटल चेस'मध्ये सोंगट्या पटावर चालत जात आणि मारामारी करत. हत्तीच्या जागचा बुरूज दगडी राक्षस होऊन वजिराला गिळून टाकी. पहिल्यांदा गंमत वाटते, दहाव्यांदा कंटाळा येतो. त्या खेळातही साधा सपाट पट ठेवलेला होता, हे विशेष!

तिरक्या पटावर पुढच्या सोंगट्यांआड मागच्या दडतात. सपाट पटावर 64 घरे सारखीच दिसतात. पुस्तकांतल्या आकृत्याही म्हणूनच सपाट असतात. (आपल्या उंटाच्या जागी तिथे बिशपची टोपी असते. कन्नड मित्र त्याला 'ओंटे' म्हणतात, आम्ही उंट; टोपी पाहून दोघेही आरंभी सारखेच गोंधळलो होतो.)

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. सपाट पडद्यावर वर्षभर सराव करून मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लाकडी पटासमोर बसलो. पलीकडच्या कोपऱ्यातून उंटाची तिरकी रेघ थेट माझ्या वजिरावर येत होती, ती मला दिसलीच नाही. वजीर गेला, डावही गेला. 'बघ, सपाट पटाने घात केला,' असे मित्र म्हणाले. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. थोडे खरेही असेल. पण घरी मी सोंगटीला बोट लावले, की ती कुठे जाऊ शकते ते ठिपके उमटत. प्रतिस्पर्ध्याने चाल केली की ती दोन घरे रंगत. डाव संपवून तपासायला बसलो की बाजूची पट्टी खालीवर होऊन कोणाचे पारडे जड ते सांगे, आणि मी कारण न शोधता पुढे जाई. पाहण्याचे काम माझ्या वतीने पडदाच करत होता. लाकडी पटावर ते सांगणारे कोणी नव्हते.

हे सारे बंद करता येते. 'लिचेस' या मोफत संकेतस्थळावर तर सोंगट्या अदृश्य करून, डाव मनात धरून खेळण्याचीही सोय आहे. मी आता ठिपके व पट्टी बंद ठेवतो आणि शेजारी लाकडी पट मांडून प्रत्येक चाल त्यावरही करतो. वेळ दुप्पट लागतो, हरतोही अधिक.

जिमखान्याला मी लिहून दिले आहे: संगणक साधाच घ्यावा आणि उरलेल्या रकमेत लाकडी पट व घड्याळे घ्यावीत. उत्तर अजून यायचे आहे.