ऐश म्हणजे भाकर

आमच्याच दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं. संपादकीय, आणि ते हॉटेलातल्या खाण्यावर? पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, रोज कुठं ना कुठं मारहाणीची बातमी आहे, आणि तू हमस-फलाफलवर पानं खर्च करणार?

होय, करणार. दोस्तहो, जरा घटना उघडून बघा. पंधरावं कलम, दुसरं पोटकलम. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत हॉटेल हा शब्द नावानिशी घालावा लागला. का घालावा लागला ते आपल्या आज्याला विचारा. आज्याची कपबशी हॉटेलाच्या बाहेर वळचणीला असायची. चहा वरून ओतला जायचा, कपबशी आपणच विसळायची, पालथी घालायची आणि पैसे लांबून टाकायचे. तेव्हा आपल्याला हा विषय हलका नाही. ज्याला हलका वाटतो त्यानं खुशाल पान उलटावं.

तर विषय असा. मुंबईत गेल्या काही वर्षांत एक नवं खाणं आलंय, भूमध्य समुद्राच्या काठचं. लेबनॉन, पॅलेस्टाईन, इजिप्त, ग्रीस, इटली, सगळं एका कार्डावर. त्यातही मान भाजीपाल्याला. मटण-चिकन कोपऱ्यात आणि मधोमध भाजलेला अख्खा फ्लॉवर. लोअर परळला, बांद्र्याला, काळ्या घोड्याला अशी हॉटेलं दिसतात. लोअर परळची बरीचशी गिरण्यांच्या आवारात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप कुणी मागे घेतला नाही, गिरण्याच नाहीशा झाल्या. याच गल्ल्यांतून खानावळी होत्या. एक बाई दहा-वीस गड्यांचं रांधायची, हिशेब महिन्याच्या खात्यावर. १९७५ ला प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. या शहरात घराबाहेर जेवणं म्हणजे काय, ते गोरगरिबाला या बायकांनी शिकवलं. (त्या खानावळींतही गाव बघून, जात बघून पंगत बसायची. गिरणगावाचे गोडवे गाणारे हे सोयीनं विसरतात.)

मला अशा एका हॉटेलात नेलं ते कवितेच्या पायी. वाचन झालं, संयोजक खूष झाले, म्हणाले चला, जेवू. मी गोदीतली पहिली पाळी करून गेलेलो, खांदे ठणकत होते. कार्ड सगळं इंग्रजीत. मॅट्रिकपुरतं इंग्रजी माझ्यापाशी आहे, पण त्या कार्डाला ते पुरलं नाही. सहाशे रुपयांचा एक पदार्थ होता. हे काय म्हणून विचारलं तर वेटर पोरगा कानाशी येऊन म्हणाला, "दादा, काबुली चणा वाटलेला."

काबुली चणा! म्हणजे हरभऱ्याचाच भाऊ. जगात सगळ्यात जास्त हरभरा पिकतो तो आपल्या देशात. पिकवणारा कर्जात, पोती वाहणारा आम्ही, आणि त्याचं वाटण सहाशेला. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. तिळाचं वाटण, लिंबू, लसूण आणि वर ऑलिव्हच्या तेलाची धार. मी दोनदा पाव मागून घेतला. मग बाबा गनूश नावाचं आलं, ते वांग्याचं भरीत. वांगं इकडचंच, अरबांनी ते पश्चिमेला नेलं, आता ते परदेशी नाव लावून परत आलंय. फ्लॉवर काळा होईस्तोवर भाजलेला. आईनं बघितला असता तर चुलीशी लक्ष नाही म्हणून शिव्या घातल्या असत्या.

संयोजक खाताखाता सांगत होते. हे खाणं म्हणजे एक जीवनदृष्टी आहे. हलकं, शुद्ध, सात्त्विक. निसर्गाशी नातं सांगणारं. शुद्ध आणि सात्त्विक हे दोन शब्द कानावर पडले आणि माझा घास तोंडातच फिरायला लागला.

कारण हे खाणं आहे कुणाचं? फत्तूश म्हणजे शिळ्या रोटीचे तुकडे घालून केलेली कोशिंबीर. इटलीतलं पान्झानेला तेच, रिबोलिता तेच. शिळा पाव फेकायला जीव होत नाही म्हणून बाईनं शोधलेली युक्ती. आपल्याकडचे भाकरीचे कुटके आणि ते, यांच्यात समुद्र आहे तेवढाच फरक. इजिप्तमध्ये मजूर सकाळी फूल खाऊन कामाला जातो. फूल म्हणजे त्यांच्याकडच्या बाकल्याचं, रात्रभर मंद आचेवर शिजवलेलं घट्ट कालवण. अँसेल कीज नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५८ पासून सात देशांत तपासण्या केल्या आणि सांगितलं की क्रीट बेटावरच्या माणसांची काळजं ठणठणीत आहेत. तिथून या खाण्याची कीर्ती झाली. २०१० ला युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या वारशात बसवलं. पण त्याआधी, १९४८ ला, महायुद्धानं मोडलेल्या त्याच क्रीटमध्ये रॉकफेलर फाउंडेशनची माणसं घरोघर पाहणी करत फिरली होती. बहुतेक कुटुंबांनी सांगितलं, आमचं या जेवणावर समाधान नाही. काय पाहिजे म्हणून विचारलं तर सगळ्यात जास्त नाव निघालं मांसाचं. ते लोक पालेभाजी खात होते कारण दुसरं परवडत नव्हतं. आता ज्याला सगळं परवडतं तो त्याला जीवनदृष्टी म्हणतो.

कैरोत रोटीला 'ऐश' म्हणतात. अरबीत ऐश म्हणजे जगणं. तोच शब्द फिरत फिरत आपल्या बोलीत आला आणि त्याचा अर्थ झाला चैन. साला काय ऐश आहे तुझी, असं आपण म्हणतो. तिकडं जानेवारी १९७७ ला सरकारनं रोटीवरची सवलत काढली तेव्हा दोन दिवस शहरं पेटली, माणसं मेली, सरकारला माघार घ्यावी लागली. २०११ ला चौकात जमलेल्यांची घोषणा होती ती ऐश, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय, याच क्रमानं. शब्द एकच, आणि आपण तो हॉटेलच्या बाजूनं वापरतोय.

फत्तूशमध्ये एक हिरवी पानं असतात, जाड, आंबटसर, बोटानं दाबली की पाणी सुटणारी. मी एक पान उचलून दाताखाली धरलं आणि ओळखलं. घोळ! पावसात बांधाला, उकिरड्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळाशेजारी आपोआप उगवते ती घोळ. आमच्याकडं डाळीत घालतात. तीच लेबनॉनच्या, पॅलेस्टाईनच्या बायका कोशिंबिरीत घालतात, क्रीटच्या बायका रानातून खुडून आणतात. भाकरीसोबत ही भाजी डब्यात नेली म्हणून शाळेत ज्या पोरीला चिडवलं, तिचीच बहीण आज ऑफिसात डबा झाकून खाते. आणि चार मैलांवर तेच पान चिनीमातीच्या बशीत. पानाला जात नाही. ती वाढणाऱ्याच्या हाताला चिकटवलेली असते.

आता हा भाजीपाला काढतं कोण, तेही बघू. या हॉटेलांत इटलीच्या डबाबंद टोमॅटोला फार मान आहे. तिथल्या शेतांवर आफ्रिकेतून आलेली पोरं राबतात, पंजाबातून गेलेली आपली माणसंही राबतात. त्यांना शेतावर नेणाऱ्या मुकादमाला 'कापोराले' म्हणतात. तो मजुरीतून हिस्सा कापतो, गाडीभाड्याचे पैसे वेगळे घेतो. नाव परकं असलं तरी हा मनुष्य ओळखायला मला वेळ लागला नाही. २०१६ ला त्याच्याविरुद्ध कडक कायदा झाला. तरी जून २०२४ ला रोमच्या दक्षिणेला, लातिना भागात, पंजाबच्या एका शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. दवाखान्यात न्यायच्या ऐवजी त्याला घराच्या दाराशी टाकून दिला, आणि तुटलेला हात फळांच्या पेटीत. दोन दिवसांनी तो मेला. याच समुद्राच्या काठी गाझा आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला तिथं दुष्काळ असल्याचं भूकमापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेनं जाहीर केलं. माणसानं अडवून ठेवलेल्या अन्नाचा दुष्काळ. त्या लोकांचं हमस मुंबईत मिळत होतं आणि त्यांना पीठ मिळत नव्हतं.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते. हे कार्ड अर्धं आहे. भूमध्य काठचा गरीब नुसता पाला खात नव्हता. रोमला तेस्ताच्चो भागात कसाईखाना होता. जनावराचे चार भाग पैसेवाल्यांचे आणि उरलेला 'पाचवा' मजुराचा. वजडी, आतडी, शेपटी, डोकं. मजुरीचा काही भाग त्यातच मिळायचा. त्याचे पदार्थ रोम आजही अभिमानानं खातं. ग्रीसमध्ये पहाटे वजडीचा रस्सा पितात, आतड्यात काळीज-फुप्फुस गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. हे वाचताना मला आमची गल्ली दिसली. वजडी, रक्ती, मुंडी, उन्हात वाळवलेल्या चान्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात २०१५ ला मराठवाड्यातल्या आपल्या चुलीचं हे सगळं लिहून ठेवलंय. त्याच वर्षी या राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली. मुंबईतल्या हॉटेलवाल्यानं त्या काठावरून गरिबाची पालेभाजी उचलली आणि गरिबाची वजडी तिथंच सोडली. का? भाजी इथल्या सोवळ्यात बसते, वजडी बसत नाही.

मी भाजीच्या विरुद्ध नाही. भाजीवरच वाढलोय. पण या देशात 'शाकाहारी' हा नुसता खाण्याचा प्रकार नाही, तो घर भाड्यानं देताना विचारायचा प्रश्न आहे. २०२३ ला मुंबईच्या आयआयटीत भोजनगृहातली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखली, आणि तिथं बसून मांस खाल्लं म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड ठोठावला. मार्च २०२४ ला घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका बड्या कंपनीनं 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळी पोरं आणि त्यांना हिरवे कपडे जाहीर केले. ओरड झाली, दुसऱ्या दिवशी कपडे मागे घेतले, वाटणी मागे घेतली नाही. आज्याची वळचणीची कपबशी आठवा आणि मग त्या पेट्यांकडे बघा.

काही पोरं म्हणतील, मग बहिष्कार टाकू. मला ते पटत नाही. ज्याच्या खिशात एखाद्या महिन्याला हजार रुपये सुटतील त्यानं जावं, पोरीला घेऊन जावं, आईला घेऊन जावं, मधल्या टेबलावर बसावं. ते टेबल मिळवायला पिढ्या गेल्यात. कार्ड कळलं नाही तर दहादा विचारावं. फक्त तिथून आल्यावर घरातली घोळीची भाजी गिळताना मान खाली जाऊ देऊ नये, आणि वाढणाऱ्या पोराशी माणसासारखं बोलावं. मी त्या वेटरला विचारलं, तू काय जेवतोस? म्हणाला, रात्री बाराला, वरणभात आणि बटाटा. हमस? उरलं तर.

पुढचा अंक आपण खाण्यावर काढतोय. आईला, आजीला, मावशीला विचारून लिहून पाठवा. वजडी किती पाण्यांनी धुतात, चान्यांना किती उन्हं दाखवतात, घोळ कशात घालतात, उपास पडला तेव्हा काय शिजायचं. मापं मुठीत आणि पशात चालतील. बोलता तसं लिहा, शुद्धलेखन सुधारणार नाही. हॉटेलांच्या मोरीत, भट्टीवर, दारात उभं राहून काम करणाऱ्या पोरांनी तर जरूर लिहावं, पगार किती आणि जेवायला काय मिळतं ते. नावं छापणार नाही. कागदावर, पोस्टकार्डावर, मोबाईलवर, कसंही चालेल. महिनाअखेरपर्यंत आलेलं सगळं छापू, पानं वाढवावी लागली तर वर्गणी मागायला दारात येऊ.