पाहुणा प्रेक्षक

पुण्याहून द्रुतगती मार्गाने लोणावळ्याकडे निघालेल्या प्रवाशाला मावळच्या वेशीवरच गहुंजे येथील क्रिकेटचे स्टेडियम दिसते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या या मैदानाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे खेळले गेले. त्यांपैकी भारताचा सामना एकच होता. उरलेल्या चार सामन्यांत आठ देशांचे संघ उतरले. पूर्वी परदेशी पाहुणा कार्ले-भाजे लेणी पाहण्यासाठी मावळात येत असे. आता तो सामना पाहण्यासाठीही येऊ लागला आहे.

अशा पाहुण्याला मैदानावर काय मिळावे, याचे उत्तर शोधताना दक्षिण कोरियाकडे पाहावेसे वाटते. तेथे १९८२ पासून व्यावसायिक बेसबॉल खेळला जातो. दहा संघ आहेत आणि सॅमसंग, एलजी, लोटे, किया अशी उद्योगसमूहांची नावे त्यांनी धारण केली आहेत. २०२४ च्या हंगामात प्रेक्षकसंख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. खेळाचे नियम ठाऊक नसलेला परदेशी प्रेक्षकही तेथे फार काळ परका राहत नाही. प्रत्येक फलंदाजाचे स्वतंत्र गीत असते, पुढे उभा असलेला म्होरक्या हातवारे करून ते म्हणवून घेतो आणि शेजाऱ्याकडे पाहून नवखाही चार मिनिटांत टाळ्यांचा ठेका धरतो. आपला संघ फलंदाजी करीत असेल तेव्हा गावे आणि प्रतिपक्षाची पाळी आली की त्यांना गाऊ द्यावे, असा तेथील रिवाज आहे. इतक्या उत्साहातही दुसऱ्याच्या पाळीचा मान राखला जातो.

आपल्या समाजातील प्रवाशांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. काही मर्यादा पाळून तेथे बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येतात. बहुतेकांच्या हाती तळलेली कोंबडी आणि बिअर असली, तरी शेजारी बसून खाखरा व थेपला खाण्यास कोणाची आडकाठी नसते.

गहुंजेचे चित्र वेगळे आहे. येथे पाण्याची बाटलीसुद्धा आत नेता येत नाही. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्या दिवशी पिण्याचे पाणी अपुरे पडले. बराचसा प्रेक्षकवर्ग छताविना उन्हात बसला होता. संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे भारत ११३ धावांनी हरला आणि न्यूझीलंडने भारतभूमीवर प्रथमच कसोटी मालिका जिंकली. पराभव हा खेळाचा भाग आहे. तहानलेला प्रेक्षक हा मात्र व्यवस्थेचा दोष होय.

सुरक्षेसाठी बाटली बाहेर ठेवावयास लावणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्याने बाटली काढून घेतली, त्याच्यावरच पाणी पाजण्याची जबाबदारी येते. हा हिशेब पेढीवर बसणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक दुकानात आले की आधी पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि मग माल दाखवावा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. हजारो मैल ओलांडून मावळात आलेला पाहुणा धावसंख्या कदाचित विसरेल. दुपारच्या उन्हात कोणी पाणी दिले आणि शेजाऱ्याने सरकून जागा करून दिली, हे मात्र तो घरी गेल्यावर सांगेल. मैदानाची व्यवस्था संघटनेच्या हाती असली, तरी सरकून जागा देणे आपल्या हाती आहे.