पुन्हा पुन्हा लागणारी उन्हाळी

साठीच्या पुढील भगिनींना लघवीच्या वेळी आग होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून घरात धने-जिऱ्याचे पाणी दिले जाते. एखाद्या वेळी तेवढ्यावर भागतेही. परंतु सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा जंतुसंसर्ग झाला, तर दोष उष्णतेला देऊन चालत नाही.

पाळी थांबल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन घटते. योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, तेथील आम्लता राखणारे लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू ओसरतात आणि आतड्यातील ई. कोलाय तेथे ठाण मांडून मूत्रमार्गात शिरतात. म्हणून उपायही तेथेच करावा लागतो. १९९३ साली राझ व स्टॅम या संशोधकांनी ९३ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात योनिमार्गात एस्ट्रिऑलचे मलम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी अर्धा, तर औषधविरहित मलम लावणाऱ्यांना जवळजवळ सहा संसर्ग झाले. पोटात घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी हा लाभ होत नाही. मलमाचा गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. आठवडाभर लावून सोडणे व्यर्थ. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास प्रथम त्या डॉक्टरांना विचारावे.

आपल्या घरांत आणखी एक चौकशी अवश्य व्हावी. काही इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रापासून काढतात. एस्ट्रिऑल तसे नव्हे. क्रॅनबेरीच्या कॅप्सूलचा काहींना उपयोग होतो, पण तिचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते.

आता पाण्याविषयी. चौविहार करणाऱ्या भगिनींना दिवसाचे पाणी दिवसाच प्यावे लागते. मात्र दुकानाजवळ स्वच्छतागृह नाही म्हणून गल्ल्यावर बसलेल्या कितीतरी जणी दुपारभर पाणी टाळतात, लघवी तुंबवून ठेवतात आणि सूर्यास्ताआधी दोन तांबे एकदम रिचवतात. (पेढीच्या नूतनीकरणात स्वच्छतागृहाचा विचार सर्वांत शेवटी होतो, हेही नमूद करावेसे वाटते.) पाणी सकाळपासून थोडे थोडे घ्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवावे. संसर्ग चालू असताना तप व पच्चक्खाण यांविषयी महाराजसाहेबांशी मोकळेपणाने बोलावे.

संकोचापोटी आई सांगत नाही, मग मुलगा औषधाच्या दुकानातून मागच्याच गोळ्या आणतो. हे टाळावे. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करून घ्यावी. उलट, त्रास काहीच नसताना केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून सहसा औषध लागत नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे किंवा लघवीतून रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.