सुई टोचणाऱ्याची नोंद कुणासाठी?

धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून अर्जुनी मोरगावच्या मजूर स्त्रीची कंबर धरते. सुया टोचून दुखणे घालवतो, असे कुणी म्हणाले की ती दिवसाची मजुरी त्याच्या हाती ठेवते. तो शिकलेला आहे की नाही, हे तिने कसे ओळखावे?

पश्चिम बंगालने अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा १९९६ मध्ये केला. महाराष्ट्राचा अधिनियम २०१५ चा. त्याने परिषद आणि चिकित्सकांची नोंदणी आणली. २०१९ मध्ये केंद्रानेही ही स्वतंत्र उपचारपद्धती मानली. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही, ती वापरणारा भोंदूच, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पूनम वर्मा प्रकरणात १९९६ मध्येच बजावले आहे.

नोंदणी हा धंद्याचा परवाना असेल. आमच्या लेखी तो आधी रुग्णाचा हक्क आहे. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ-ब पसरते. नोंदच नसेल तर जाब कुणाला विचारणार? म्हणून नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या दारावर मराठीत हवा आणि नोंदणीकृतांची यादी तहसील कार्यालयात व ग्रामीण रुग्णालयात लागली पाहिजे. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जीविताचा हक्क रोवणीच्या बांधीपर्यंत पोचला पाहिजे. ही मागणी गावागावांतून अर्ज देऊन आपणच लावून धरली पाहिजे.