कसणाऱ्याची जमीन आणि कागद

मालक गाव सोडून पळाला तर जमीन कुणाची? जो नांगरतो त्याची, असे आपण चटकन म्हणू. स्पेन देशातल्या आरागॉन भागातील शेतकऱ्यांनी १९३६ साली हेच म्हटले. त्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

जुलै १९३६ मध्ये फ्रँको आणि इतर सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केले. यादवी पेटली. पूर्व आरागॉनमध्ये अराजकवादी कामगारांची सशस्त्र पथके पोहोचली. धनी नको आणि सरकारही नको, असे मानणारी ही माणसे. गावोगाव सभा भरल्या. जमीन, जनावरे, अवजारे एकत्र झाली. तुकड्या पाडून सगळे शेत कसू लागले. पुष्कळ गावांनी पैसाच बंद केला. घरात माणसे किती, ते पाहून शिधा किंवा कूपन मिळे. वेगळे राहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी घरच्या हातांनी कसता येईल एवढी जमीन ठेवता येई, मजूर मात्र लावता येत नसे.

सगळेच खुशीने आले नव्हते. काही ठिकाणी बंदुकीचा धाक होता. समतेची भाषा बोलणाऱ्या अनेक गावांत बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमीच होती. हे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ते सुधारायला सवड मिळाली नाही. ऑक्टोबर १९३६ च्या सरकारी हुकुमाने फक्त बंडखोरांच्या साथीदारांची जमीन घेण्यास मान्यता दिली होती. बाकी जमिनीला कायद्याचा आधार नव्हता. ऑगस्ट १९३७ मध्ये त्याच सरकारने आरागॉनची परिषद बरखास्त केली. कम्युनिस्ट सेनानी लिस्टर याचे सैन्य आले, कार्यकर्ते तुरुंगात गेले, अनेक गावांत जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. उरलेसुरले मार्च १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने संपवले.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सामुदायिक शेतीच मागितली होती. जमीन राज्याची, ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यायची. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. पण हे राज्यघटनेतच लिहा, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते पुसता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ती मागणी मान्य झाली नाही.

गायरान कसणारे आपले बांधव आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. घाम तीन पिढ्यांचा, पण सात-बारावर नाव नाही. त्यांना आमचे एकच सांगणे असते : नांगर सोडू नका, आणि कागदाचा पाठपुरावाही सोडू नका. जयभीम!