विधानसभेचे झाले रुग्णालय

चेन्नईच्या ओमंदूरार शासकीय वसाहतीतील नव्या विधानसभा-सचिवालय संकुलाचे १३ मार्च २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा त्या वास्तूचा घुमटच तयार नव्हता. मुख्यमंत्री एम. करुणानिधी हे हाडाचे नास्तिक. पण मुहूर्त न मानणाऱ्या या नेत्यालाही ही तारीख मात्र चुकवायची नव्हती. त्यामुळे चित्रपटसृष्टीतील नामवंत कलादिग्दर्शक तोट्टा तरणी यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांनी सेट उभारावा तसा तात्पुरता घुमट उभा करून दिला. मुख्यमंत्री मूळचे पटकथालेखक आणि विरोधी पक्षनेत्या एकेकाळच्या आघाडीच्या अभिनेत्री, अशा राज्यात हे घडावे याचे चेन्नईकरांना फारसे नवल वाटले नाही.

त्यानंतर अवघ्या चौदा महिन्यांनी, मे २०११ मध्ये, जे. जयललिता प्रचंड बहुमताने सत्तेवर आल्या आणि थेट सेंट जॉर्ज किल्ल्यातील जुन्या सचिवालयात गेल्या. नव्या संकुलात त्यांनी कारभाराला सुरुवातच केली नाही. दरम्यानच्या काळात किल्ल्यातील जुने विधानसभा सभागृह केंद्रीय अभिजात तमिळ संस्थेच्या ग्रंथालयाला देण्यात आले होते. पुस्तके तेथून हलवण्यात आली, बाके पुन्हा मांडण्यात आली आणि विधानसभा होती तेथे परतली. ऑगस्ट २०११ मध्ये नवे संकुल रुग्णालयात रूपांतरित करण्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथे अतिविशेषोपचार रुग्णालय सुरूही झाले. शेकडो कोटी रुपये खर्चून बांधलेली विधानसभा एका निवडणुकीच्या निकालाने रुग्णालय झाली.

या घटनाक्रमाकडे दोन नेत्यांच्या वैयक्तिक वैराची कहाणी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वैर होते, याबद्दल दुमत नाही. मरीना किनाऱ्यावरील कण्णगीचा पुतळा २००१ मध्ये जयललितांच्या राजवटीत हटवला गेला आणि २००६ मध्ये करुणानिधी यांनी तो पुन्हा बसवला, हे ज्यांनी पाहिले त्यांना या वैराचा वेगळा पुरावा नको. परंतु केवळ द्वेषापोटी हे सारे घडले असे म्हणून विषय संपवला, तर मूळ प्रश्न नजरेआड होतो. राज्याची सत्ता कोठे बसते, त्या जागेचा जनक कोण आणि ती जागा ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

सेंट जॉर्ज किल्ला ही साधी कचेरी नव्हे. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला कोरोमंडल किनाऱ्यावर जमिनीचा तुकडा मिळाला आणि पुढच्याच वर्षी तेथे या किल्ल्याची सुरुवात झाली. मद्रास शहर या किल्ल्याभोवती वाढले. भारतातील ब्रिटिश सत्तेचे पहिले पाऊल जेथे रोवले गेले, त्याच तटबंदीच्या आत स्वतंत्र भारतातील एका राज्याचा कारभार चालतो, ही गोष्ट कोणत्याही स्वाभिमानी प्रादेशिक पक्षाला खटकावी अशीच आहे. मात्र १९६७ मध्ये द्रविड मुन्नेत्र कळघम प्रथम सत्तेवर आला, तेव्हा सी. एन. अण्णादुराई यांनी इमारत सोडली नाही. त्यांनी सचिवालयावर राज्य सरकारच्या नावाची तमिळ पाटी लावली आणि राज्याचे ‘मद्रास’ हे नाव बदलून ‘तामिळनाडू’ करण्याचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला. दगड-विटा इंग्रजांच्या राहिल्या, शब्द आपले झाले. प्रतीकांच्या राजकारणातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ मार्ग होता. अण्णादुराई यांचे ते नाव पुढे कोणत्याही सरकारला पुसता आले नाही, पुसावेसेही वाटले नाही.

अण्णांचे वारस म्हणवणाऱ्या करुणानिधी यांना मात्र वास्तू हवी होती. किल्ल्यातील जागा अपुरी आहे, तो परिसर संरक्षण खात्याच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत असल्याने तेथे नवे बांधकाम करणे जिकिरीचे आहे, ही त्यांची कारणे खोटी नव्हती. पण आराखड्यासाठी जर्मन वास्तुरचनाकार नेमणे, बांधकामाच्या जागेवर वारंवार स्वतः जाऊन पाहणी करणे, अर्धवट इमारतीचे घाईने उद्घाटन उरकणे, यातून दिसते ती जागेची टंचाई नव्हे. पाच वेळा मुख्यमंत्री झालेल्या नेत्याची, आपली खूण मागे ठेवण्याची ती घाई होती. आणि त्या खुणेसाठी काय पाडले गेले, याचा उल्लेख त्या काळच्या कौतुकात क्वचितच येतो. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मद्रासचे गव्हर्नर जेथे राहिले ते जुने ‘गव्हर्न्मेंट हाऊस’ याच वसाहतीत होते, ते गेले. १९५२ ते १९५६ या काळात विधानसभा ज्या सभागृहात भरत होती आणि जे पुढे ‘कलैवाणर अरंगम’ म्हणून ओळखले गेले, तेही पाडले गेले. म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरची विधानसभा जेथे बसली, ती भिंतही नव्या विधानसभेच्या खटाटोपात जमीनदोस्त झाली. १८०२ मधील मेजवानी-गृह, आजचे राजाजी हॉल, तेवढे उभे राहिले.

जयललिता किल्ल्यात परतल्या त्या वारशाच्या प्रेमाने, असे त्यांच्या समर्थकांनी सांगितले. ते मान्य करणे कठीण आहे. १९९३ मध्ये त्यांच्याच सरकारने मरीनावरील एकोणिसाव्या शतकातील पोलीस मुख्यालय पाडण्याचा घाट घातला होता. वारसाप्रेमी संस्था न्यायालयात गेल्याने ते वाचले. २००३ मध्ये नव्या सचिवालयासाठी त्यांची नजर क्वीन मेरीज महाविद्यालयावर पडली. १९१४ मध्ये स्थापन झालेले हे मद्रासमधील मुलींचे पहिले महाविद्यालय. विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या, त्यांना भेटायला गेलेल्या एम. के. स्टालिन यांना आवारात घुसखोरी केल्याबद्दल अटक झाली आणि अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. मग कोट्टूरपुरम येथे नव्या सचिवालयाची कोनशिला बसवण्यात आली. तीही योजना बारगळली. तात्पर्य, किल्ला सोडण्याची इच्छा दोघांचीही होती. फरक एवढाच, की एकाला ते साधले आणि दुसरीला साधले नाही.

त्याच कोट्टूरपुरममध्ये सप्टेंबर २०१० मध्ये करुणानिधी यांनी अण्णा शताब्दी ग्रंथालय उघडले. नोव्हेंबर २०११ मध्ये जयललिता सरकारने तेही बालरुग्णालयात रूपांतरित करण्याचा निर्णय घेतला. या वेळी मात्र लेखक, वाचक आणि विद्यार्थी उठले, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ग्रंथालय आजही आहे. दोन्ही वास्तूंची निवड आणि दोन्हींचे भवितव्य नीट पाहण्यासारखे आहे. रुग्णालय ही अशी गोष्ट आहे की तिच्या विरोधात बोलायला उठणाऱ्याची जीभ आपोआप अडखळते. गरिबाला फुकट हृदयशस्त्रक्रिया मिळणार असताना आमदारांच्या बाकांचा कैवार कोण घेणार? सूडाला कल्याणाचे वस्त्र नेसवण्याची ही हातोटी जयललितांच्या राजकीय कौशल्याची साक्ष देते. ग्रंथालय वाचले, कारण त्याला रोज येणारे वाचक होते. विधानसभेच्या इमारतीसाठी रस्त्यावर उतरेल असा कोणी नव्हता. ज्यांची ती होती ते आमदार दोन बाजूंनी विभागले गेले होते आणि दोन्ही बाजू आपापल्या नेत्याच्या आज्ञेत होत्या.

येथे बंगळुरूचे उदाहरण आठवते. केंगल हनुमंतय्या यांनी तत्कालीन म्हैसूर राज्यात विधान सौधाचा ध्यास घेतला. समोरच इंग्रजी अमदानीतील तांबडी अठरा कचेरी उभी; तिला झाकोळून टाकील असे ग्रॅनाइटचे भव्य मंदिर त्यांना लोकशाहीसाठी हवे होते. ‘सरकारी काम हे देवाचे काम’ हे वाक्यही दर्शनी भागावर कोरले गेले. १९५६ मध्ये इमारत उभी राहिली आणि त्याच वर्षी त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. खर्चावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, चौकशीही झाली. तरीही त्यांच्या जागी आलेल्यांनी त्या वास्तूचे इस्पितळ केले नाही. हनुमंतय्यांच्या विरोधकांनाही ती आपली वाटली, हे तिचे यश. त्याच कर्नाटकाने २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधान सौध उभारले. सीमाभागातील मराठी माणसाला त्या वास्तूचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. वर्षातून काही दिवस अधिवेशन भरवणारी ती इमारत उरलेले दिवस नुसती उभी राहूनही आपला दावा सांगत असते.

मुंबईत विधिमंडळ १९८१ मध्ये जुन्या कौन्सिल हॉलमधून नरिमन पॉइंटच्या विधान भवनात गेले. ते बांधून होईपर्यंत मुख्यमंत्री बदलत राहिले, उद्घाटनानंतरही बदलले. पण हे भवन अमुक एकाचे, असे कोणी म्हणत नाही. यामागे आपल्याकडील नेत्यांचा मोठेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात मंत्रालय एकीकडे आणि विधान भवन दुसरीकडे आहे. मुख्यमंत्र्यांनी सहाव्या मजल्याची कितीही डागडुजी केली तरी विधिमंडळाचे बिऱ्हाड त्यामुळे हलत नाही. चेन्नईत मात्र सचिवालय आणि विधानसभा किल्ल्यात एकाच आवारात, नव्या संकुलातही एकाच छताखाली. त्यामुळे मुख्यमंत्र्यांनी घर बदलले की विधानसभेला त्यांच्यामागून जावे लागते. कायदेमंडळ हे कार्यकारी सत्तेचे भाडेकरू झाले, तर घरमालक बदलताच त्याचे सामान रस्त्यावर येणार. जे झाले त्याचे मूळ वैरापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे, असे आमचे मत आहे.

वास्तूंचा हा सोस काही तामिळनाडूपुरता नाही. हैदराबादेत के. चंद्रशेखर राव यांनी जुने सचिवालय पाडून २०२३ मध्ये नवे उघडले. त्याच वर्षी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा लोकसभेत अध्यक्षांच्या आसनाजवळ बसवलेला सेंगोल हा १९४७ मध्ये मद्रासच्याच सराफांनी घडवलेला होता. अमेरिकेत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी समारंभ-दालनासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाऊसचा पूर्वेकडील भाग पाडला. पण बांधलेली विधानसभा वर्षभर वापरून मग तिचे रुग्णालय करण्याचा प्रयोग चेन्नईच्याच नावावर आहे.

पुढे काय झाले, तेही बोलके आहे. जयललिता सरकारने नव्या संकुलाच्या बांधकामातील कथित गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती आर. रघुपती यांचा आयोग नेमला. न्यायालयीन स्थगितीमुळे त्याचे काम वर्षानुवर्षे ठप्प राहिले, खर्च मात्र चालू राहिला आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्याबद्दल कान उपटल्यावर आयोगाचा अध्याय संपला. डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता आणि ऑगस्ट २०१८ मध्ये करुणानिधी यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले ते ओमंदूरार वसाहतीतील राजाजी हॉलमध्ये, त्या वादग्रस्त इमारतीच्या शेजारीच. करोनाच्या साथीत अंतर राखण्यासाठी किल्ल्यातील सभागृह अपुरे पडले, तेव्हा २०२० मध्ये विधानसभा पुन्हा बांधलेल्या कलैवाणर अरंगममध्ये, म्हणजे १९५२ च्या आपल्या जुन्या पत्त्यावर, भरली. करुणानिधी यांची तक्रार खरी होती हे एका विषाणूने सिद्ध केले. पण तोवर समोरच्या इमारतीत रुग्ण दाखल झाले होते.

मे २०२१ मध्ये स्टालिन मुख्यमंत्री झाले. वडिलांची वास्तू परत घेण्याची संधी त्यांच्यापाशी होती. तथापि चालते रुग्णालय हलवणे राजकीयदृष्ट्या अशक्य होते. त्यांनी करुणानिधी यांचे तैलचित्र किल्ल्यातील विधानसभेत लावले, मे २०२२ मध्ये त्यांचा ब्राँझचा पुतळा ओमंदूरार वसाहतीत उभा केला आणि जून २०२३ मध्ये गिंडी येथे करुणानिधी यांच्या जन्मशताब्दीच्या नावाने आणखी एक अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू केले. रुग्णालयाला उत्तर म्हणून रुग्णालय मिळाले, ही जनतेच्या दृष्टीने वाईट गोष्ट नव्हे. मात्र २३४ सदस्यांच्या विधानसभेसाठी सचिवालयापासून अलग, अध्यक्षांच्या अधिकारातील स्वतंत्र भवन असावे, त्याची जागा आणि आराखडा सर्वपक्षीय समितीने ठरवावा, हा मुद्दा दोन्ही द्रविड पक्षांनी आपल्या राजवटींत बाजूलाच ठेवला. कोणाच्याही नावाने ओळखल्या न जाणाऱ्या इमारतीत दोघांनाही रस नव्हता.